माफीनाम्यानंतरचे पान

माधवराव सप्रे यांच्याविषयी हिंदीत लिहिलेला कोणताही चरित्रलेख उघडा. सुरुवातीची पाने निवांत असतात. 1871 मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी मराठी घरात जन्म, बिलासपूर आणि रायपूरला शिक्षण, पेंड्र्याला शिक्षकाची नोकरी, आणि तिथूनच जानेवारी 1900 मध्ये रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे यांच्या साथीने काढलेले ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक. 1907 मध्ये नागपूरहून ‘हिंदी केसरी’ सुरू होते. टिळकांच्या ‘केसरी’तले विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हेच त्याचे काम. मग 1908 उजाडते आणि चरित्रकार एकदम झपझप चालू लागतो. ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली अटक, घरच्यांचा दबाव, माफीनामा, सुटका. दोन वाक्ये. पुढच्या परिच्छेदात सप्रे भेटतात ते थेट ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ यांचे थोर अनुवादक म्हणून.

मला त्या दोन वाक्यांनंतर थोडे थांबायचे आहे. मी अनुवादक आहे. मराठीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत ये-जा करणे हा माझा धंदा. राहते अभनपूरला, रायपूरहून धमतरीकडे जाताना साधारण तीस किलोमीटरवर. सप्र्यांनी आपली शेवटची वर्षे ज्या शहरात काढली आणि 1926 मध्ये ज्या शहरात देह ठेवला, ते रायपूर माझ्यासाठी पुस्तके, डॉक्टर आणि बाजारहाट यांचे गाव. त्यामुळे सप्रे मला पुतळ्यासारखे वाटत नाहीत. एकाच वाटेवरून आधी गेलेल्या माणसासारखे वाटतात. आणि अशा माणसाला आपण विचारतो ते प्रश्न वेगळे असतात: तू पडलास, तेव्हा उठलास कसा?

सप्र्यांचे पडणे किती खोल होते हे कळायला शेजारची एक तारीख पुरेशी आहे. 22 जुलै 1908 रोजी टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. बरोबर एका महिन्याने, 22 ऑगस्टला, सप्र्यांना अटक झाली. गुरू तुरुंगात आणि शिष्य माफी मागून घरी. आपण स्वतःविषयी काहीही सांगावे, ही दोन चित्रे शेजारी टांगलेलीच राहणार. सप्रे तेव्हा 37 वर्षांचे होते.

त्यानंतर त्यांनी काय केले, ते सर्वांना ठाऊक आहे, पण ते सांगितले जाते भक्तीच्या सुरात. ते वर्ध्याच्या हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषांकडे गेले. मधुकरी मागून राहिले. पुढे रायपूरला रामदासी मठ उभा केला आणि काही लेखन ‘माधवदास रामदासी’ या नावाने केले. त्या नावाकडे जरा बघा. ‘राव’ गेले, ‘दास’ आले. काल संपादकाच्या खुर्चीत बसलेला माणूस आज झोळी घेऊन दारात उभा आहे. स्वतःविषयीची एक कथा त्यांनी कपड्यासारखी अंगावर चढवली होती: मी मोडलेला माणूस आहे.

या कथेकडे बघण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत आणि दोन्ही मला अपुऱ्या वाटतात.

पहिली पद्धत सांत्वनाची. ती म्हणते, माफी ही काही खरी माफी नव्हती. परिस्थिती तशी होती, घरच्यांनी गळ घातली, आणि झाले ते बऱ्यासाठीच झाले, नाहीतर हिंदीला ‘दासबोध’ कुठून मिळाला असता? हे वाचताना मला ब्रेख्तचे गॅलिलिओवरचे नाटक आठवते. 1633 मध्ये गॅलिलिओने धर्मसत्तेपुढे आपले मत मागे घेतले, आणि पुढे नजरकैदेत असताना लिहिलेला त्याचा मोठा ग्रंथ 1638 मध्ये हॉलंडमध्ये छापला गेला. ब्रेख्तच्या नाटकात जुना शिष्य आंद्रेआ भेटायला येतो. ग्रंथाची लपवलेली प्रत हातात पडताच तो आनंदाने उसळतो आणि म्हणू लागतो की गुरूजींची माघार म्हणजे एक डाव होता, काम पुरे करण्यासाठी वेळ मिळवला होता. गॅलिलिओ हे सांत्वन घेत नाही. मी यातनांना भ्यालो, एवढेच तो सांगतो. सप्र्यांचे चरित्रकार बहुधा आंद्रेआच्या जागी उभे असतात. प्रेमापोटीच, पण त्या प्रेमात एक अपमान दडलेला असतो: तुझी चूक आम्हाला सोसवत नाही, म्हणून आम्ही ती पुसून टाकतो.

दुसरी पद्धत निवाड्याची. तीत सप्र्यांच्या आयुष्याचे दोन तुकडे होतात: 1908 पर्यंत लढवय्या, नंतर विरक्त. म्हणजे नंतरची अठरा वर्षे ही पहिल्या आठ वर्षांची पडछाया. गंमत अशी की हा निवाडा आणि सप्र्यांची स्वतःविषयीची कथा एकच गोष्ट सांगतात. झोळी घेतलेल्या माणसाच्या मनात जे असेल, तेच टीकाकार छापून आणतो.

दोन्ही पद्धतींची चूक एकाच ठिकाणी आहे. ‘मी माफी मागितली’ हे घडलेले सत्य आहे. ‘म्हणून मी आता कशालाच लायक नाही’ ही कथा आहे. सांत्वन करणारा पहिले वाक्य खोडायला जातो, निवाडा देणारा दुसरे वाक्य खरे मानतो. पण खोडायचे असते ते या दोन वाक्यांमधले ‘म्हणून’. आपण स्वतःला सांगत असलेल्या बहुतेक काळ्या कथांमध्ये घटना खरी असते आणि ‘म्हणून’ खोटे असते. अशा माणसाला ‘तू फार चांगला आहेस’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण त्याच्याकडे पुरावा असतो. उलटतपासणी व्हायला हवी ती पुराव्यातून काढलेल्या अनुमानाची.

सप्र्यांनी ती केली का? त्यांच्या मनात शिरण्याचा दावा मी करणार नाही. पण अनुवादक कोणते पुस्तक उचलतो आणि त्या पुस्तकात त्याला कोणकोणत्या वाक्यांतून जावे लागते, हे आपल्यापुढे उघडे आहे. म्हणून ‘दासबोधा’कडे वळते.

‘दासबोधा’चे वीस दशक, प्रत्येकी दहा समास. त्यातल्या पाचव्या दशकाचे शेवटचे चार समास ओळीने वाचावेत: बद्ध, मुमुक्षु, साधक, सिद्ध. सातव्या समासातला बद्ध स्वतःविषयी खूश आहे; त्याला आपले काही चुकले असे वाटतच नाही. आठव्यात त्याला संसाराचे चटके बसतात, अनुताप होतो, आणि तो बोलू लागतो. इथे समर्थांनी जे केले आहे ते शिल्प म्हणून विलक्षण आहे. एरवी लक्षणे सांगणारा बाहेरचा आवाज बाजूला सरतो आणि मुमुक्षु स्वतःच ‘मी’ म्हणून आपल्या दोषांची यादी वाचू लागतो. हे केले नाही, ते केले नाही, जन्म फुकट घालवला, भूमीला भार झालो. यादी लांबत जाते. स्वतःविषयीची काळी कथा इतक्या तपशिलाने मराठीत त्याआधी क्वचितच कुणी लिहिली असेल.

आता हा समास अनुवादायला घेतलेल्या सप्र्यांची कल्पना करा. मूळातला ‘मी’ हिंदीत ‘मैं’च होणार. अनुवादकाला त्या यादीतून हात न लावता जाता येत नाही. प्रत्येक दोष त्याला स्वतःच्या लेखणीने, पहिल्या पुरुषात, पुन्हा उच्चारावा लागतो. पण त्याला आणखी एक गोष्टही करावी लागते, आणि माझ्या मते सगळा भार तिच्यावर आहे. आठवा समास संपला की नववा घ्यावा लागतो.

समर्थांनी आत्मनिंदेला मुक्काम मानलेले नाही. तिला त्यांनी दोन पायऱ्यांच्या मध्ये ठेवले आहे: बद्धाच्या वर, साधकाच्या खाली. ज्याला अनुतापच नाही तो बद्धच राहिला. पण जो अनुतापातच बसून राहिला तोही पुढे सरकला नाही. आणि साधक कोण? ज्याने आपले दोष खोटे ठरवले तो नव्हे. तो आधार धरून अभ्यासाला लागला, एवढाच फरक. मुमुक्षूने केलेली यादी साधकाच्या समासात कुणी रद्द करत नाही, तिचे उत्तर देत नाही. पान उलटते. वाचकाला हे पान उलटणे सहज वाटते, कारण वाचक ते एका क्षणात उलटतो. अनुवादकाला एका समासावरून दुसऱ्यावर जायला किती दिवस लागतात हे ज्याने असे काम केले आहे त्यालाच ठाऊक. ते दिवस म्हणजेच साधना.

सप्र्यांच्याच जुन्या कथेशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची कथा 1901 मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये आली, हिंदीतली पहिली कथा कोणती या वादात तिचे नाव हटकून घेतले जाते. जमीनदार एका गरीब विधवेची झोपडी बळकावतो. ती एक दिवस येऊन टोपलीभर माती मागते, नातीसाठी चूल घालायला. टोपली उचलायला ती जमीनदारालाच विनवते आणि त्याला ती उचलत नाही. एवढी एक टोपली पेलत नाही, तर या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलाल, असे ती विचारते. जमीनदाराला पश्चात्ताप होतो आणि तो झोपडी परत करतो. तीस वर्षांच्या लेखकाच्या कथेत पश्चात्ताप क्षणात होतो आणि क्षणात फळतो, कारण परत करायला झोपडी समोर आहे. सात वर्षांनी लेखकावर स्वतःवर पाळी आली तेव्हा परत करण्यासारखे काही हातात नव्हते. सही परत घेता येत नाही. मग टोपली उचलायची तर कुठली? त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथाची उचलली.

इथे अनुवादाच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. माफीनाम्याची भाषा नेहमी दुसऱ्याची असते. धाटणी सत्तेची, मजकूर तिला हवा तसा, आणि खाली सही तेवढी आपली. अनुवादाचीही व्यवस्था वरवर पाहता तीच: शब्द दुसऱ्याचे, हमी आपली. पण पहिल्या कागदावर दुसऱ्याची भाषा माणसाला लहान करते आणि दुसऱ्यावर तीच त्याला वाढवते, कारण तिथे त्याने ती स्वतः निवडलेली असते आणि आपल्या श्वासाने पुन्हा घडवलेली असते. स्वतःच्या आवाजावरचा विश्वास गेलेल्या माणसाला पुन्हा बोलायचे असेल, तर दुसऱ्याच्या वाक्यातून बोलायला सुरुवात करणे हा पळपुटेपणा नाही. चालायला लागताना भिंतीचा आधार घेतात, तसे ते आहे.

याचा कस लागला तो ‘गीतारहस्या’च्या वेळी. टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात लिहिले; 1914 मध्ये सुटून आल्यावर, 1915 मध्ये ते मराठीत छापले गेले, आणि मागोमाग सप्र्यांचा हिंदी अनुवाद आला. ज्याने माफी मागितली नाही त्याच्या तुरुंगातल्या पुस्तकाला हिंदी वाणी दिली ती माफी मागितलेल्या माणसाने. या घटनेवर सप्र्यांच्या चरित्रकारांनी जेवढे थांबायला हवे तेवढे ते थांबत नाहीत. टिळकांचे नाव मुखपृष्ठावर आणि अनुवादक म्हणून सप्र्यांचे, ही दोन नावे एका पुस्तकावर येणे हेच 1908 च्या ‘म्हणून’ला मिळालेले उत्तर आहे. त्यात क्षमेचे भाषण नाही, सफाई नाही. काम सोपवले गेले आणि ते पार पडले.

पुस्तकाचा विषयही पाहा. गीतेची सुरुवातच एका माणसाने स्वतःला सांगितलेल्या कथेने होते. अर्जुन कारणे देतो, ती एकेक खरी आहेत, आणि त्यांच्या शेवटी ‘म्हणून मी लढणार नाही’ येते. सहाव्या अध्यायात कृष्ण सांगतो की आपणच आपल्याला वर काढावे, खचू देऊ नये, कारण आपणच आपला मित्र आणि आपणच आपला वैरी. टिळकांनी या साऱ्याचा अर्थ लावला तो कर्मयोगाच्या बाजूने: ज्ञान झाल्यावरही काम सुटत नाही. झोळी घेऊन निघालेल्या सप्र्यांना हा ग्रंथ वाक्यावाक्याने हिंदीत आणताना, विरक्ती हाच शेवट आहे या समजुतीशी रोज भांडावे लागले असणार. अनुवादक आणि ग्रंथ यांचे इतके अवघड लग्न मला दुसरे आठवत नाही.

त्या अनुवादाला सप्र्यांनी लिहिलेली प्रस्तावना मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देते. अशा ग्रंथाची ओळख करून देणे म्हणजे सूर्याला दिवा दाखवणे, असे ते म्हणतात. आपल्या परंपरेला शोभेल असाच हा विनय. पण लगेच ते कामाच्या भाषेत येतात: मूळातल्या भावाला धक्का लागू नये आणि भाषा शुद्ध, सोपी, कळेल अशी असावी, ही दोन उद्दिष्टे आपण ठेवली. विनय आणि आत्मनिंदा यांतला फरक इथे दिसतो. विनय ही बुटकी चौकट आहे. तिच्याखाली वाकायचे ते आत जाण्यासाठी. ज्ञानेश्वरांनी स्वतःला समुद्र मोजू पाहणारी टिटवी म्हटले आणि मग नऊ हजार ओव्या सांगितल्या. आत्मनिंदा त्याच चौकटीबाहेर बसून राहते आणि आपल्या वाकण्याचेच कौतुक करते.

ती बसून राहिली तर काय होते, हे याच प्रदेशातल्या दुसऱ्या एका मराठीभाषक लेखकाने लिहून ठेवले आहे. गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून राजनांदगावला प्राध्यापक होते. 1964 मध्ये गेले. घरची भाषा मराठी, लेखन हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी आणि कादंबरीकार. मुक्तिबोधांच्या ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेत एका ओसाड विहिरीत एका विद्वानाचे भूत आपले अंग घासत बसले आहे. पापाची सावली धुऊन काढण्यासाठी ते दिवसरात्र घासते, आणि मळ जात नाही. स्वतःविषयीच्या काळ्या कथेचे यापेक्षा नेमके चित्र मला ठाऊक नाही: धुणे हेच मळाला जिवंत ठेवते, कारण धुणाऱ्याला मळाखेरीज दुसरा विषय उरलेला नसतो. पण कविता तिथे संपत नाही. शेवटी कवीला त्या ब्रह्मराक्षसाचा शिष्य व्हावेसे वाटते, त्याचे अधुरे राहिलेले काम शेवटाला नेण्यासाठी. ‘तू निष्पाप आहेस’ असे कवी त्याला सांगत नाही. तुझे काम अजून शिल्लक आहे, एवढे म्हणतो. सप्रे आणि मुक्तिबोध यांच्यात काळाचे आणि वृत्तीचे मोठे अंतर आहे, तरी दोघांचे उत्तर एका जागी मिळते.

हे सगळे मी मराठीत लिहिते आहे त्याला कारण आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सप्र्यांना फारशी जागा नाही. ‘ते हिंदीत गेले’ हे कारण. इकडे छत्तीसगढमधल्या मराठी घरांत आणखी एक कथा पिढ्यानपिढ्या सांगितली जाते: आमची मराठी कसली, ती तर बिघडलेली. भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेली माणसे, रायपुरात एका मोहल्ल्याचे नावच तात्यापारा, आणि तरी पुण्याहून पाहुणा आला की घरातली बाई आपल्या ‘मेरेकू’ने रंगलेल्या मराठीबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करते. पाहुण्याने काही म्हटलेले नसते. इथेही घटना खरी आहे: भाषा मिसळली आहे. ‘म्हणून ती मराठी नव्हे’ हे मात्र अनुमान आहे, आणि कच्चे आहे. दोन भाषांच्या उंबरठ्यावरचे घर मोडके नसते. त्याला दोन दारे असतात. सप्रे दोन्ही दारांचा वापर करत जगले. चिंतामणराव वैद्यांचे महाभारतावरचे विवेचनही त्यांनी ‘महाभारत-मीमांसा’ म्हणून त्याच वाटेने हिंदीत नेले.

तरीही शेवट गोड करण्याचा मोह मला टाळायचा आहे. 1908 ची सावली सप्र्यांच्या आयुष्यातून कधी पूर्ण गेली असे त्यांच्या वागण्यावरून दिसत नाही. ते मागे राहून काम करणारे झाले. 1920 मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ निघाले त्यामागे त्यांची धडपड होती, पण संपादकाच्या खुर्चीत माखनलाल चतुर्वेदी बसले. काळी कथा खोडली गेली की माणूस पूर्वीसारखा होतो, असे नाही. तो वेगळा होतो. कधीकधी जास्त उपयोगाचा.

1924 मध्ये मात्र देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तिथे त्यांनी सांगितले की मी महाराष्ट्रीय आहे, आणि हिंदीचा मला कुणाही हिंदीभाषकाइतकाच अभिमान आहे. या विधानातले ‘आणि’ मला महत्त्वाचे वाटते. तिथे ‘पण’ घातले तरी व्याकरण चुकत नाही, आणि हिंदीत ते घातलेही जाते. माझ्या मराठी अनुवादात मी ‘आणि’च ठेवते. सोळा वर्षांच्या कामाने त्या माणसाने ते कमावले होते.